मळ्याचं विजेट: प्रकल्प नोंदी, मार्च ते मे २०२५

३ मार्च २०२५, जळगाव

आमचा फोनवरचा खेळ आता चालतो. तापीकाठचा केळीचा मळा आहे: लागवड करायची, ठिबक चालवायचं, पिल्लं (बुंध्याजवळचे फुटवे) कापायची, निसवण झाली, म्हणजे घड बाहेर पडला, की घडाला आधार द्यायचा, शेवटी कापणी. खेळातला एक दिवस म्हणजे बागेतला एक महिना, त्यामुळे मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाची लागवड) लावली की अकरा-बारा दिवसांत घड उतरतो. पाण्याची पाळी चार तासांची. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा डोकवावं लागतं, आणि आम्हाला तेवढंच हवं आहे.

पण डोकावणं महाग पडतंय. धाकट्या भावाच्या जुन्या फोनवर खेळ उघडायला अकरा सेकंद लागतात, घड्याळ लावून मोजलं. तो उघडतो, ठिबक अजून सुरू आहे एवढं बघतो आणि बंद करतो. दोन सेकंदांच्या बघण्यासाठी अकरा सेकंद थांबायचं, तेही दिवसातून दहा-बारा वेळा. मळा बांधावरून नुसता नजरेखालून घालता आला पाहिजे. म्हणून होम स्क्रीनवर विजेट, म्हणजे खेळ न उघडता बाग दाखवणारी छोटी चौकट, करायचं ठरलं.

कोड माझा. चित्रं मित्राची, तो भुसावळला असतो.

५ मार्च

दिवसभर फक्त वाचन. २००९ च्या अँड्रॉइड १.५ पासून विजेट आहेत, आणि त्यांचा मूळ व्यवहार अजूनही तोच आहे: विजेट पडद्यावर आपण काढत नाही, लाँचर (होम स्क्रीन चालवणारं ॲप) काढतो. आपण त्याला एक चिठ्ठी पाठवायची, की इथे हा मजकूर, इथे हे चित्र, इथे दाबलं तर अमुक कर. या चिठ्ठीला रिमोटव्ह्यूज म्हणतात. लाँचर ही वेगळी प्रोसेस, त्यामुळे त्याला जे घटक आधीच माहीत आहेत तेवढेच चालतात: मजकूर, चित्र, बटण, प्रगतीची पट्टी, क्रोनोमीटर (वेळ मोजणारा घटक), यादी आणि आणखी थोडे. स्वतः घडवलेला घटक चालत नाही. आमचा खेळ ज्या साधनात बनवलाय त्या युनिटीतलं दृश्य तर नाहीच नाही.

ग्लान्स हे विजेट लिहायचं नवं साधनही तपासलं. ते २०२३ पासून स्थिर आहे आणि लिहायला सोपं, पण शेवटी त्याचंही रूपांतर रिमोटव्ह्यूजमध्येच होतं. एकाच छोट्या विजेटसाठी युनिटीच्या बिल्डमध्ये कंपोजचं (ग्लान्स ज्यावर उभं आहे त्या लायब्ररीचं) आणखी ओझं नको. मांडणीला साधं एक्सएमएल आणि कोडला कोटलिन भाषा, प्लगिन म्हणून जोडायचं.

संध्याकाळी मित्राला फोन केला. त्याने वाऱ्यावर हलणाऱ्या पानांच्या चोवीस फ्रेम काढून ठेवल्या होत्या. हलणारं चित्र इथे जमणार नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग स्थिर चित्रातच बाग जिवंत दिसली पाहिजे. दोन दिवस दे."

९ मार्च

पहिलं विजेट दोन बाय दोन घरांचं. बसवल्याबरोबर बागेच्या जागी राखाडी चौकट, आत विजेट लोड करता आलं नाही असा मजकूर. दीड तास शोधलं. कारण एवढंच, की दोन ओळींमध्ये रेघ मारण्यासाठी मी साधा व्ह्यू टाकला होता. खेळाच्या नेहमीच्या पडद्यात हीच रेघ हजार वेळा चालते, पण लाँचरच्या परवानगीच्या यादीत तो घटक नाही. त्याजागी रंग भरलेला इमेजव्ह्यू ठेवला आणि बाग उगवली.

१२ मार्च

खेळाचा डेटा विजेटपर्यंत कसा न्यायचा? युनिटी प्लेअरप्रेफ्स (खेळाच्या साठवलेल्या नोंदी) अँड्रॉइडवर शेअर्डप्रेफरन्सेस या सिस्टिमच्या साठवणीच्या फाइलमध्ये ठेवतं, म्हणून सरळ तीच फाइल वाचायचा विचार होता. वाचली तर 'कांदेबाग' (पावसाळ्यानंतरची लागवड) या शब्दाच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब माळ. तिथे मजकूर वेबच्या पत्त्यासारखा एन्कोड होऊन बसतो, इंग्रजी अक्षरांना धक्का लागत नाही म्हणून ते सहज लक्षात येत नाही. उलगडून वाचता आलं असतं, पण दुसऱ्याच्या साठवणीच्या रीतीवर आपली भिंत उभारायला नको. आता खेळ स्वतःच प्लगिनला बोलावून विजेटसाठी वेगळी छोटी नोंद लिहितो: बागेचा कोणता तुकडा, कोणती अवस्था, पाणी कधी सुरू झालं, कधी संपणार.

ही नोंद लिहायची वेळही महत्त्वाची. खेळ बंद होताना लिहू असं आधी ठरवलं होतं, पण फोनवर ॲप रीतसर बंद होईलच याची खात्री नसते, सिस्टिम मागच्या मागे काढून टाकते. खेळ मागे जातो त्या क्षणी, म्हणजे पॉजला लिहायचं आणि लगेच विजेटही ताजं करायचं.

१७ मार्च

आता खरा प्रश्न वेळेचा.

विजेट आपोआप ताजं व्हायचा कालावधी सिस्टिम तीस मिनिटांच्या खाली येऊ देत नाही, एक मिनिट लिहिलं तरी अर्धा तासच. वर्कमॅनेजर (मागच्या मागे कामं चालवणारी लायब्ररी) घेतला तर नियमित कामाला किमान पंधरा मिनिटं. त्याहून दाट हवं तर अलार्म, पण केळीचं चित्र बदलायला कोणाची बॅटरी खायची माझी तयारी नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे फोन आधीच तापलेले असतात.

म्हणून क्रोनोमीटर वापरून बघितला. अँड्रॉइड ७ पासून तो उलटा मोजतो, आणि आकडे लाँचर स्वतः हलवतो, आपल्याला जागं व्हावं लागत नाही. "पाणी संपायला २:१४:३०" असं सेकंदासेकंदाने उतरताना फार छान दिसलं. मग रात्री शून्य झालं आणि तो उणे मोजायला लागला. सकाळी भावाच्या फोनवर उणे साडेसहा तास. शिवाय क्रोनोमीटरचं गणित फोन सुरू झाल्यापासूनच्या वेळेवर चालतं. फोन बंद करून पुन्हा लावला की ते मोजमाप शून्यापासून सुरू होतं, म्हणून फोन चालू झाल्याचा निरोप ऐकून पुन्हा हिशोब करावा लागतो. तेही केलं. पण समाधान नाही.

२४ मार्च, यावल तालुका

रविवारी काकांच्या मळ्यात होते, नोंद आज लिहितेय. या एका भेटीत महिन्याभराची अडचण सुटली.

मोटरच्या खोलीत भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे: सोमवार ते गुरुवार रात्रीची लाईट, अमुक ते अमुक. शुक्रवार ते रविवार दिवसाची, अमुक ते अमुक. मी सहज विचारलं, "काका, आज कधी आहे ते नाही लिहिलं?" ते म्हणाले, "रोज पुसायला कोण येतं बाई? एकदाच असं लिहायचं, की पुसलं नाही तरी खरं राहील."

परतीच्या बसमध्ये हेच डोक्यात. माझं विजेट म्हणजे तीच भिंत आहे. मी रोज काय, मिनिटामिनिटाला पुसायला जाण्याच्या वाटा शोधत बसले होते. "दोन तास चौदा मिनिटं राहिली" हे वाक्य लिहिल्याच्या पुढच्या मिनिटाला खोटं होतं. "पाणी ९:४० पर्यंत" हे वाक्य नऊला वाचा, दहाला वाचा, खरंच राहतं. वाचणाऱ्याच्या फोनवर वर कोपऱ्यात घड्याळ असतंच, बाकीचं तो समजून घेतो.

आणि आमच्या खेळात हे शक्य आहे, कारण खेळणारा नसताना बागेत नवीन काहीच घडत नाही. फक्त वेळ जातो. चार तासांचं पाणी चार तासांनीच संपणार, घड ठरलेल्या दिवशीच तयार होणार. खेळ बंद होतो त्या क्षणी पुढचं सगळं माहीत असतं. मग विजेटला सतत ताजं ठेवायची गरजच काय? ज्याची वेळ ठरलेली आहे ते आधीच लिहून ठेवायचं.

क्रोनोमीटर काढून टाकला. आठ दिवसांचं काम होतं, पण वाईट वाटलं नाही.

२ एप्रिल

मित्राची चित्रं आली. निसवलेल्या झाडाचं केळफूल इतकं हुबेहूब, की आईने लांबून ओळखलं.

पण विजेट अडलं. मी पार्श्वभूमी, झाड आणि घड एकत्र रंगवून बिटमॅप (बिंदूबिंदूंचं तयार चित्र) पाठवत होते. चित्र १०८० बाय १०८०, प्रत्येक बिंदूला चार बाइट, म्हणजे एक चित्र सुमारे ४.६७ दशलक्ष बाइटचं. एका विजेटच्या चिठ्ठीत बिटमॅपना मिळून पडद्याच्या दीडपटीइतकीच जागा असते. भावाचा फोन ७२० बाय १६०० चा, तिथे ही मर्यादा ६९,१२,००० बाइट. दिवसाचं आणि रात्रीचं अशी दोन चित्रं पाठवली की मर्यादा ओलांडलीच, विजेट बदलायचंच थांबलं. माझ्या मोठ्या पडद्याच्या फोनवर सगळं सुरळीत होतं, म्हणून कळायला उशीर झाला.

उपाय: रंगवून पाठवायचंच नाही. चित्रं ॲपमध्येच आहेत, चिठ्ठीत फक्त त्यांचा रिसोर्स क्रमांक जातो. पार्श्वभूमी, खोड, घड असे तीन थर एकावर एक ठेवले आणि प्रत्येकाला आपापला क्रमांक. पाच अवस्था, दिवस-रात्र, सगळे मेळ यातून बसतात. मित्राला थर वेगळे करून द्यावे लागले, त्याने रात्रीतून दिले.

७ एप्रिल

मापं. जुन्या सूत्राने घरांची संख्या गुणिले ७० वजा ३०, म्हणजे दोन घरांना ११० डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरच्या मापाचं एकक). अँड्रॉइड १२ पासून घरांची संख्या थेट लिहिता येते. दोन्ही लिहिली.

देवनागरीने मात्र खरी परीक्षा घेतली. जागा वाचवायला मी फॉन्टच्या वरखालची मोकळी जागा काढून टाकली होती. इंग्रजी मजकूर नीट बसला. मराठीत 'कांदेबाग' वरचा अनुस्वार कापला जाऊन 'कादेबाग' झाली आणि 'मृगबाग' खालचा ऋकार हरवून 'मगबाग'. आमची लिपी रेघेच्या वरही जगते आणि खालीही. मोकळी जागा परत दिली, अक्षर एका मापाने लहान केलं, चित्र थोडं खाली सरकवलं. चित्रावर तडजोड चालेल, अनुस्वारावर नाही.

१४ एप्रिल, जळगाव

गोलाणी मार्केटमध्ये ओळखीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदारांनी काउंटरवर सहा फोन मांडून दिले, वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या वयाचे. दुपारभर तिथेच बसले. बाहेर ऊन असं, की मार्केटमध्ये माणूस फिरकत नव्हता, त्यामुळे काम निवांत झालं.

एका कंपनीच्या फोनवर ॲप यादीतून सरकवून काढलं की विजेटचं ताजं होणंच थांबतं. बॅटरी वाचवण्यासाठी ते ॲपला पूर्ण झोपवतात, पुन्हा खेळ उघडेपर्यंत निरोप पोचत नाही. दुसऱ्या एका फोनवर अर्ध्या तासाचे दोन-अडीच तास होतात. "९:४० पर्यंत" या वाक्याला या कशानेच काही झालं नाही. काकांची भिंत टिकली.

पण एक शब्द सापडला. तो झोपवणारा फोन मी परवाच बसवून ठेवला होता आणि त्यावर लिहिलेलं होतं "उद्या कापणी". परवाचं उद्या म्हणजे काल. कापणी होऊन गेली तरी विजेट उद्याच म्हणत होतं. पूर्ण वाक्यात मी घड्याळाची वेळ सांभाळली आणि 'आज', 'उद्या' हे शब्द तसेच ठेवले, हे दोन्ही शब्द मध्यरात्री शिळे होतात. काकांनी भिंतीवर वार लिहिले होते, उद्या नाही. आता "बुधवारी सकाळी ६:२० ला कापणी" असं लिहितो. वार सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो, गावोगावचा बाजार आम्ही वारावरूनच तर लक्षात ठेवतो.

बारा दिवसांच्या बागेत एकच वार दोनदा येऊ शकतो, म्हणून कापणी सात दिवसांहून लांब असेल तर वाराबरोबर तारीखही.

१८ एप्रिल

विजेटवर एक बटण: पाणी द्या. खेळ न उघडता पाळी सुरू व्हावी.

खेळाचे सगळे नियम सी शार्प या भाषेत, विजेटच्या रिसीव्हरला (बटणाचा निरोप घेणाऱ्या कोडला) त्यातलं काही माहीत नाही. तेच नियम कोटलिनमध्ये पुन्हा लिहिले तर दोन ठिकाणी दोन बागा वाढतील आणि एक दिवस त्यांचं पटणार नाही. म्हणून रिसीव्हर हिशोब करत नाही. तो फक्त नोंदवतो: या तुकड्याला, या वेळी, पाणी मागितलं. विजेटवर लगेच संपण्याची वेळ दिसते आणि खेळ उघडला की तो त्या नोंदी वाचून खरी बाग पुढे नेतो. प्रत्येक मागणीला क्रमांक आहे, त्यामुळे अधीर बोटाने तीनदा दाबलं तरी पाणी एकदाच.

मग एक चूक दिवसभर पुरली. दोन तुकड्यांची दोन विजेट ठेवली. कोणत्याही बटणाने पाणी कांदेबागेलाच, मृगबाग कोरडी. दोन पेंडिंगइंटेंट (बटण दाबल्यावर काय करायचं त्याच्या चिठ्ठ्या) वेगळे आहेत की एकच, हे ठरवताना सिस्टिम आतली जास्तीची माहिती बघतच नाही. तुकड्याचा क्रमांक मी नेमका तिथेच ठेवला होता. तिच्या दृष्टीने दोन्ही बटणं एकच, आणि नंतरच्याने आधीच्याची माहिती पुसली. प्रत्येक विजेटला वेगळा विनंती क्रमांक दिला. मृगबागेला पाणी पोचलं.

२३ एप्रिल

आयफोन. उसना मॅक तीन दिवसांसाठी मिळालाय. तिथे विजेटकिट (ॲपलची विजेटची सोय) २०२० च्या आयओएस १४ पासून, आणि त्याची रीत मला आता ओळखीची वाटली: पुढच्या वेळांच्या नोंदींची मालिकाच आधी तयार करून द्यायची, सिस्टिम ज्या त्या वेळी ती ती दाखवते. वारंवार बघितल्या जाणाऱ्या विजेटलाही नव्याने मालिका मागायच्या संधी दिवसाला साधारण ४० ते ७०. आमच्या बागेला पाच पुरतात. बटण मात्र आयओएस १७ पासूनच, त्याआधीच्या फोनवर दाबलं की खेळ उघडेल. डेटा ॲप ग्रुपमधून, म्हणजे खेळ आणि विजेटच्या सामायिक साठवणीतून.

२५ एप्रिल

मॅक परत दिला. अर्धं काम बाकी, जूनमध्ये बघू.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया), अमळनेर

आत्याकडे, म्हणजे फुईकडे. घरी माहेरवाशिणी, गौराई, अंगणात निंबाला झोका. पोरींच्या फोनवर विजेट बसवून दिलं. फुईने चष्मा लावून एकीचा फोन हातात घेतला. "हाई काय शे माय?" मी सांगितलं. तिने चित्र निरखलं, खालची ओळ वाचली आणि विचारलं, "पानी दिधं का नही?"

ओळ होती "पाणी ४:१० पर्यंत". तेव्हा वाजले होते साडेपाच. मला वाटत होतं हे वाक्य दोन्ही बाजूंनी खरं आहे. खरं आहेच, पण फुईला जे विचारायचं होतं ते त्यात नव्हतं. तिला हवं होतं आता हात लावायचा आहे की नाही. चाळीस वर्षं शेत सांभाळलेली बाई आहे, तिचा प्रश्न कोणत्याही चाचणीपेक्षा नेमका होता.

रात्री गच्चीवर बसून वाक्य बदललं: "४:१० नंतर पाणी द्या". चारला वाचलं तर थांबायचं, साडेपाचला वाचलं तर द्यायचं. न पुसता खरं, आणि काय करायचं तेही सांगतं. आधीच्या वाक्यात मी बागेबद्दल बोलत होते, यात बागवानाशी बोलतेय.

सकाळी फुईला दाखवलं. तिने मान हलवली आणि सांजोरीचं ताट पुढे केलं.

६ मे

एका प्रकाशकाशी फोनवर बोलणं झालं. त्यांना खेळ आवडला. विजेटबद्दल म्हणणं असं, की त्यावर लाल ठिपका हवा आणि दोन दिवस खेळ उघडला नाही तर पडलेली केळी दाखवावी, "तुमची बाग उद्ध्वस्त होतेय" अशा मजकुरासकट. त्याने लोक परत येतात म्हणे.

मी नाही म्हटलं, आणि कारण नोंदवून ठेवतेय. मे-जूनच्या वादळात एका रात्रीत उभी बाग आडवी होते. घड लागलेली झाडं मधोमध मोडून पडलेली असतात आणि सकाळी बांधावर घरातलं कोणीच बोलत नाही. आमच्या घराने हे बघितलंय. रावेर-यावलच्या कित्येक घरांनी बघितलंय. ते चित्र कोणाच्या फोनच्या पहिल्या पडद्यावर, त्याला ओढून आणण्यासाठी, मी ठेवणार नाही. शिवाय ते खोटंही आहे. आमच्या खेळात दोन दिवस पाणी नसलं तर वाढ थांबते, झाड मोडत नाही.

मित्राला सांगितलं. पैशांची गरज त्यालाही आहे. म्हणाला, "ते चित्र मी काढणारच नव्हतो."

१३ मे

विजेट बसवा असं खेळातून विचारण्याची सोय अँड्रॉइड ८ पासून आहे. पहिल्याच दिवशी विचारत नाही. पहिली कापणी झाली, घड गाडीत चढला, की मग एकदाच. नको म्हटलं तर पुन्हा नाही, सेटिंगमध्ये मात्र सापडेल. निवडीच्या यादीतल्या नमुन्यात लोंबणारा घड आणि खाली "बुधवारी सकाळी ६:२० ला कापणी".

१९ मे

चाचणीचं बिल्ड वीस जणांना पाठवलं. भाऊ आता दिवसातून चार वेळा खेळ उघडतो, आधी दहा-बारा वेळा उघडायचा.

राहिलेलं: आडव्या टॅब्लेटवर तिसरा थर चार डीपी वर सरकतो. गडद थीममध्ये रात्रीचं चित्र फार काळं, मित्र चांदणं वाढवून देतोय. आयफोनची अर्धी बाजू.

काकांच्या फोनवरही बसवलंय. खेळत ते नाहीत. काल रात्री त्यांचा फोन आला, आधी पावसाच्या अंदाजाबद्दल बोलले, मग म्हणाले, "तुझ्या बागेचं सहा वीसला पाणी होतं. मी दिलं दाबून."

नोंदी तपासल्या. ६:२१ ला दिलंय.